घरी काय म्हणतात?

आमच्या तातडीच्या विभागात एक पद्धत आहे. बाहेरच्या माणसाला ती वेडेपणाची वाटेल. बेशुद्ध माणूस आत आला की डॉक्टर छातीकडे धावतात, एक सिस्टर सलाइनसाठी शीर शोधते, आणि एक जणी मागे फिरून दाराकडे पळते. दारात नातेवाईक असतात. कोणी रडत असतं, कोणी फोनवर ओरडत असतं, दोघं एकमेकांना दोष देत असतात. त्यांना ती एकच विचारते, "यांना घरी काय म्हणतात?"

कागदावरचं नाव आम्हाला नको असतं. त्या नावाने माणूस शाळेत हजेरी देतो आणि बँकेत सही करतो. शुद्ध गेली की ते सगळ्यात आधी गळून पडतं. मग उशाशी उभं राहायचं, कानापाशी वाकायचं आणि घरच्या नावाने हाक मारायची. हे आम्हाला मोठ्या सिस्टरांनी शिकवलं. त्या निवृत्त होऊन गेल्या, पद्धत राहिली, आणि हाक मारायचं काम माझ्याकडे आलं. माझा आवाजच तसा आहे. ट्रॉली ढकलणाऱ्या आमच्या मावशी म्हणतात, "सिस्टर, तुमच्या आवाजाने मेलेला उठेल, आणि उठून पळून जाईल."

एकदा एक कंत्राटदार आला होता, पैलवानी देह, ओठ झाकणाऱ्या मिशा. दारात त्याची म्हातारी आत्या. तिला विचारलं तर म्हणाली, "चिमणी." आता आली का पंचाईत! पण काम ते काम. मी वाकले आणि ओरडले, "चिमणे, ए चिमणे, डोळे उघड बघू!" छाती दाबणाऱ्या डॉक्टरलाही हसू आवरेना. आणि त्या दांडग्या माणसाने डोळे उघडले. घरी जाताना हात जोडून मला एवढंच म्हणाला, "सिस्टर, तेवढं नाव बाहेर जाऊ देऊ नका." मी कशाला सांगतेय! आज पहिल्यांदाच सांगितलं.

आधी पापणी थरथरते. मग तिच्याखाली बुबुळ सरकतं, आणि सरकतं ते आवाजाच्या दिशेने. तेवढं बघण्यासाठी मी दिवसभर उभी असते, पाय सुजवून घेते, नातेवाइकांच्या शिव्या खाते. खोटं कशाला बोलू, त्या वळण्याचं मला व्यसन आहे. आणि सगळे वळत नाहीत. मग ते नाव तोंडातच राहून जातं. घरी भांडी घासताना कोणाची तरी 'बबडी', कोणाचा तरी 'गुंड्या' जिभेवर येतो. अशा वेळी मी नळ मोठा सोडते.

मोठ्या सिस्टरांचं एक बजावणं होतं. नाव कळलं नाही तर दादा म्हण, काका म्हण, बाळा म्हण, पण भलतं नाव घ्यायचं नाही. मी तेव्हा नवीन होते आणि तोंडाळ होते. विचारलं, का? त्या कोपरापर्यंत हात धूत होत्या. "घरच्या नावाला माणूस वळतोच गं, आज ना उद्या," त्या म्हणाल्या. "म्हणून हाक कोणाला मारतोय ते आपल्याला ठाऊक असावं." आणि त्यांनी कोपराने नळ बंद केला.

आता माझ्या नवऱ्याचं सांगते.

तो बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. सगळ्या जगात सगळ्यात हळू माणूस. जेवायला बसला की ताट वाळायचं. शर्टाची बटणं खालून वर लावायचा, एकेक करून, जणू मोजून घेतोय. कोपऱ्यावरून दूध आणायला पाठवावं तर दुधाचं दही होईपर्यंत यायचा नाही. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायचे. घरात म्हणायचे गोगलगाय. तो शांतपणे म्हणायचा, "गोगलगाय आणि पोटात पाय, लक्षात ठेव." मला तो भिंगरी म्हणायचा. "भिंगरे, किती पळशील?" ही दोन नावं आमच्या दोन खोल्यांच्या बाहेर कधी गेली नाहीत. कोणाला सांगायला तोंड वर करता येईल अशी नावंच नव्हती ती.

स्वयंपाकघरातून गॅलरीत जायचं एक दार आहे. ते करकरतं. गॅलरीत स्टुलावर बसून तो काहीबाही दुरुस्त करायचा, आणि दार वाजलं की मान न वळवता मला कळायचं, आला. किती वेळा म्हटलं, अरे बाबा, मेकॅनिकच्या घरचं दार आहे, लोक हसतील, तेल घाल. "उद्या घालतो," म्हणायचा. कामावरच छातीत कळ आली. वर्कशॉपच्या लोकांनी त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं, शहराच्या त्या टोकाला. मी या टोकाला कोणाच्या तरी 'सोनू'ला हाका मारत होते. तिथल्या सिस्टरने त्याला हाक मारलीही असेल. काय म्हणाली असेल? काका म्हणाली असेल. त्याचं नाव एकट्या मला माहीत होतं, आणि मी पोचले तेव्हा चादर ओढून झाली होती.

त्यानंतर त्या दाराला मी तेल घातलं नाही. वाऱ्याने वाजलं की अर्धा क्षण वाटतं, आला. तो अर्धा क्षण मला हवा असतो, बस्स. लोक म्हणायचे, दिवस सरतात तसं दुःख हलकं होतं. कोणाचं होत असेल त्याचं होवो.

मग एके दिवशी सकाळच्या पाळीत एक माणूस आला, मी चहा हातात घेतला तेवढ्यात. आमच्याकडे चहा हातात घेणं म्हणजे संकटाला आमंत्रणच. बसस्टॉपवर कोसळला होता. आणणारे अनोळखी, सोडून लगेच गेले. खिशात ना पाकीट, ना फोन, बहुतेक गर्दीत कोणी तरी हात साफ केला होता. चाळिशीचा, मध्यम बांधा, साधा चेहरा. माझ्या नवऱ्यासारखा अजिबात नव्हता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणाल, हिला भास झाला.

छाती दाबली, शॉक दिला, पुन्हा दाबली. हृदय चालू झालं. श्वास आला. पण माणूस येईना. डॉक्टरने छातीच्या हाडावर बोटांची पेरं रुतवली, हूं नाही की चूं नाही. आमचा डॉक्टर वयाने लहान पण डोकं बर्फासारखं. तो म्हणाला, "सिस्टर, बोलवा."

मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. अशी रिकामी दारं मला सोसत नाहीत.

"दादा," मी म्हटलं. "ओ दादा, डोळे उघडा." नाही. "काका. ऐकताय का?" काही नाही. मॉनिटरवरची हिरवी रेघ मंदावत चालली होती. डॉक्टर म्हणाला, "जोरात." मी वाकले. त्याच्या बोटांना ग्रीसचा वास येत होता. बसस्टॉपच्या खांबाचं लागलं असेल, सायकलचं असेल, जगात काय एकच माणूस ग्रीसमध्ये हात घालतो? पण तो वास माझ्या नाकात गेला आणि तोंडातून निघून गेलं.

"गोगलगाय. ए गोगलगाय, ऊठ ना रे."

पापणी थरथरली. बुबुळ सरकलं. डोळे उघडले आणि माझ्याकडे वळले, सावकाश. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हे कसलं नाव!" डॉक्टर हसला, म्हणाला, "चाललं ना? मग झालं."

मीही हसले.

वर आयसीयूत जागा नव्हती, म्हणून त्याला आमच्याच कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं, पडद्याआड. दुपारी मी सलाइन बदलायला गेले. बाहेर तीन हाका एकदम चालू होत्या, मी पळतच होते. तो उशीवरून माझ्याकडे बघत होता. आवाज घोगरा झालेला. म्हणाला, "किती पळशील, भिंगरे?"

सलाइनची बाटली हातातून सुटली. प्लॅस्टिकची होती, फुटली नाही.

डॉक्टरला मी एवढंच सांगितलं की पेशंट काहीबाही बोलतोय. तो म्हणाला, "मेंदूला थोडा वेळ रक्त मिळालं नाही. गोंधळतात. नाव-गाव काही सांगतो का?" नाही, म्हटलं. ते खरंच होतं. स्वतःचं नाव विचारलं की तो गप्प राहायचा, एखाद्याने दुसऱ्याचं पत्र हातात दिल्यासारखा.

गोंधळतात, मलाही माहीत आहे. वीस-बावीस वर्षं हेच बघतेय. पण त्याला दवाखान्याचा निळा शर्ट दिला तेव्हा त्याने बटणं खालून लावली. एकेक करून. जेवण दिलं तर बाकीच्या खाटांवरची ताटं उचलून नेली तरी हा पहिल्याच घासावर. मी ड्यूटी संपल्यावरही त्याच्यापाशी बसले. पडद्याच्या त्या बाजूला कोणी कण्हत होतं, चाकं वाजत होती, आणि या बाजूला मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सावकाश जेवण बघत होते. डोळे पुसायचंही भान नव्हतं.

"दार वाजतं का अजून?" त्याने विचारलं.

"वाजतं."

"उद्या तेल घालतो."

मी खरं सांगते, त्या वेळी त्याचं घर कुठे असेल, कोणी वाट बघत असेल, असा विचार माझ्या मनात आला नाही. आला असेल तर मी त्याला बसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. त्याची बायको. पोलीस चौक्या आणि दवाखाने पालथे घालून आली होती, पायात चपला दोन वेगवेगळ्या जोडांच्या. डॉक्टरने तिला पडद्याआड नेलं, मी मागे गेले. "मिठ्ठू!" ती म्हणाली, आणि खाटेवर कोसळलीच.

तो जरा बाजूला सरकला. अनोळखी बाईला जागा द्यावी तसा. म्हणाला, "बसा ना, ताई."

तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मिठ्ठू, अरे मी आहे." तो तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. "सिस्टर, घरात हे एक मिनिट गप्प बसत नाहीत. झोपेत सुद्धा बडबडतात. म्हणून मिठ्ठू. आणि आता हे असे... बघतातही कोणा दुसऱ्यासारखे." मी तिला पाणी दिलं. तिने ते हातातच धरलं. "रात्रभर मी एकच मागत होते, नुसते जिवंत असू देत. आता आहेत, तर माझे नाहीत. मी काय मागायला चुकले का हो?"

डॉक्टर म्हणाला, येईल आठवण, कदाचित येणार नाही, आता काही सांगता येत नाही. मी गप्प उभी होते. माझ्या एका गप्प राहण्याने तो कोणाचा ते कायमचं ठरणार होतं. दोन दिवसांनी घरी सोडतील. त्याला तिथे करमणार नाही. आणि मग एक दिवस, सावकाश, तो माझ्या दारात येईल. कोणाला काही कळणार नाही. दुपारपर्यंत माझं हे सगळं मनात मांडून झालं, अगदी त्याला कोणता टॉवेल द्यायचा इथपर्यंत.

दुपारी बघितलं, ती त्याच्या खाटेपाशी बसून बडबडत होती. शेजारच्यांचं, भावाचं, नळाच्या गळतीचं. तो बोलत नव्हता म्हणून त्याच्या वाटचंही तीच बोलत होती, प्रश्न आपणच विचारून उत्तर आपणच देत होती. मी घरी त्या दारासमोर असंच करते.

"ताई, जरा बाहेर थांबता?" मी म्हटलं. "शेवटची एक हाक मारून बघते." ती उठली. पडदा ओढला.

मी उशाशी गेले.

"ही बाई तुझी कोण?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"तिचा माणूस आहे हा. तू याच्यात राहू नकोस."

त्याने शर्टाचं खालचं बटण चाचपलं. मग म्हणाला, "मग मी जाऊ?"

"जा."

"कुठे?"

याचं उत्तर काय द्यायचं ते मला मोठ्या सिस्टरांनी शिकवलं नव्हतं. जिथून आलास तिथे, असं म्हणायला हवं होतं. मला म्हणवलं नाही. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"घरी जा," मी म्हटलं. "डोळे मीट."

त्याने मिटले.

हिरव्या रेघेतला एक ठोका आला नाही. पडद्याच्या फटीतून डॉक्टरने मान वर केल्याचं दिसलं.

मी वाकले. "मिठ्ठू," मी म्हटलं. "ए मिठ्ठू. बायको वाट बघतेय."

ठोका आला.

पापणी थरथरली, डोळे उघडले आणि गर्रकन फिरले. "अगं, माझी चप्पल कुठाय? आणि हे काय घातलंय मला? बस गेली का? मी म्हटलं त्याला, अरे थांब, पण आजकाल कोण कोणासाठी थांबतं!" पडदा फाटायचा राहिला, अशी ती आत आली. हसत होती आणि रडत होती, आणि तो बोलतच होता. बोलता बोलता त्याने माझ्याकडे पाहिलं. "या कोण?" त्याने तिला विचारलं. "सिस्टर आहेत," ती म्हणाली. त्याने मला नमस्कार केला, चांगला लांबूनच.

मावशींनी माझ्यासाठी चहा आणला होता. तो कधी प्यायले आठवत नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन होतं. चपला न काढता स्वयंपाकघरात गेले आणि गॅलरीचं दार ढकललं. ते करकरलं. स्टूल रिकामं. मी तिथेच बसून रडले, मोठ्याने, हाक मारते त्या आवाजात. मग स्वतःलाच म्हटलं, अगं भिंगरे, तुझीच घाई. कोपऱ्यावरून दूध आणायला इतका वेळ लावणारा माणूस, दवाखान्यातून इथे यायला लागेल की वेळ.

आठवडे गेले. दार वाजत राहिलं. ती जोडी एकदा तपासणीला येऊन गेली, मिठ्ठूने डॉक्टरला बोलू दिलं नाही.

मग तळमजल्यावरची वहिनी जिन्यात भेटली. "तुमच्याकडे मशीन-बिशीन दुरुस्त होतंय का? जिन्यात तेलाचा वास येतोय." मी नाही म्हटलं. वास खालच्या चार पायऱ्यांपाशीच होता.

पुढे काही दिवसांनी पहिल्या मजल्यावरचे आजोबा त्याच वासावरून कुरकुरले. तोपर्यंत तळाशी वास उरला नव्हता.

आम्ही सगळ्यात वर राहतो. मी जिना चढताना घाई करायची सोडून दिली. कठड्याला हात लावत, हळूहळू चढायची.

मग एका दुपारी गॅलरीचं दार ढकललं आणि ते वाजलं नाही. बिजागरीला बोट लावलं. ओलं होतं.

इतकी वर्षं मी त्याला तेच सांगत होते. आता ते दार उघडलं तरी मला कळत नाही. तो गॅलरीत आहे की आत आला, काही कळायला मार्ग नाही. हाक मारावीशी वाटते. तोंड उघडते, आणि मोठ्या सिस्टर आठवतात, कोपराने नळ बंद करणाऱ्या. मी अजून हाक मारलेली नाही.

सकाळची पाळी करून आले की दुपारी जरा आडवी होते. थकलेलं शरीर, लगेच डोळा लागतो. हल्ली त्या झोपेत कोणी तरी माझ्या उशाशी येऊन उभं राहतं. घाई नसते त्याला. कानापाशी वाकतं. ग्रीसचा वास येतो. आणि हाक येते, माझ्या घरच्या नावाने.

मी वळत नाही. उद्या सकाळी पाळी आहे, दारात कोणाला तरी विचारायचं आहे.

आज दुपारी मात्र माझी पापणी थरथरली.